सल्ला: जिनिंगच्या काट्यावरचं पोरगं खचून राहिलं, काय करू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, पत्र मोठं होतं म्हणून थोडं कापून देते.

"ताई, मी एका जिनिंग-प्रेसिंगमधी (कापसातून सरकी काढून गठाणी बांधतात तो कारखाना) मॅनेजर आहे. सीझनमधी साठ-सत्तर माणसं असतात, निम्म्याच्या वर बाया. काट्यावर एक पोरगा आहे, २६ वर्षाचा, बीकॉम, तिसरा सीझन त्याचा. दिवाळीपासून तो बदलला. गाडीवाल्यावर ओरडते, पावतीत आकडे चुकवते. मागच्या महिन्यात एका कास्तकारानं कट्टीवरून (मालाच्या वजनातून जे कापतात ते) त्याची कॉलर धरली, तवापासून गाडी काट्यावर चढली का त्याचे हात थरथर कापतात. त्याच्या आठ दिवसानं त्याच्या मोठ्या बाबाची (बापाच्या मोठ्या भावाची) गाडी आली, त्यालेच त्या पावतीवर क्विंटलमागं दोन किलो कट्टी लिहा लागली. मोठे बाबा काही बोलले नाही, पावती घडी करून खिशात ठेवली न निघून गेले. परवा तो संडासात कडी लावून अर्धा तास बसला. मले म्हणे, सर काट्यावरून हलवा नाहीतर मी येत नाही. शेठ अमरावतीले राहतात, ते म्हणतात आजकालच्या पोट्ट्याइले काही सहन होत नाही, दुसरा पाहा. मी नागपूरवरून मोटिव्हेशनवाले सर बोलावले, सगळ्याइले गठाणीवर बसवून दोन तास बोलले, फरक काहीच नाही. त्यात दोन बाया काम सोडून गेल्या, मुकादम घाण बोलते म्हणून. हे माझं काम आहे का ताई? मी माल पाहू, मशीन पाहू, का लोकाइचे मन पाहू? मलेच रात्री झोप नाही."

भाऊ, पहिले तुमच्या त्याच प्रश्नाचं उत्तर देते कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. हो, हे तुमचंच काम आहे. कोणाच्या मनात शिरून बसायचं असं मी म्हणत नाही, पण काम कसं लावलंय, कोणी कोणाला ऑर्डर द्यायची, कोणाचा राग कोणाच्या अंगावर येतो, हे सगळं मॅनेजरच्याच हातात असतं. आणि त्या पोराला जे झालं ते तिथूनच आलंय, त्याच्या स्वभावातून नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय की दोन सीझन तो चांगला होता.

मी स्वतः एका सूतगिरणीत २२ वर्षं पर्सोनेल ऑफिसला होती. तिथं रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, एक बाई होती, कामात एकदम पक्की. मधेच तिचं सुरू झालं, रडणं, खाडे, सुपरवायझरशी भांडण. मी तिला तीन वेळा ऑफिसात बोलावून समजावलं, मन घट्ट कर, घरचं टेन्शन घरी ठेव, वगैरे वगैरे. तिनं मान हलवली न गेली. चौथ्या वेळी मी फक्त विचारलं की बाई तुझा दिवस कसा जाते ते सांग, पहाटेपासून सांग, तेव्हा समजलं की तिची पाळी आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बदलायचे, कागद गेटवर लावायचे, आणि तिचं लेकरू दीड वर्षाचं, ते रात्री कोणाजवळ ठेवायचं हे तिला रोज संध्याकाळी पाच वाजता नव्यानं ठरवावं लागायचं. तो कागद मीच सही करून लावत होती. पाळ्या पंधरा दिवस आधी सांगायला लागलो तसं तिचं बोलावणंच बंद झालं. त्या तीन मीटिंगा मला आजही टोचतात. तुम्ही मोटिव्हेशनवाले सर बोलावले त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही, मीही तेच केलं होतं.

याला आता दुनियेत नाव आहे, सायकोसोशल हॅझर्ड म्हणतात, म्हणजे काम ज्या पद्धतीनं लावलंय त्याच्यातूनच माणसाच्या मनाला न तब्येतीला होणारा धोका. जशी धूळ, जसा आवाज, जसा उघडा पट्टा, तसाच हा. कारखान्याच्या सुरक्षेचे जे आयएसओ स्टँडर्ड, म्हणजे जगभर मानतात ते नियम, असतात ना, त्यात २०२१ साली खास याच्यासाठी एक निघालं, आयएसओ ४५००३. आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शन काढलं, त्यातही नुसतं माणसाला शिकवा असं नाही तर काम बदला आणि मॅनेजर लोकांना ट्रेनिंग द्या असं आहे. हे शेठला सांगायला कामात पडेल.

तुमच्याच भाषेत सांगते. जिनिंगमध्ये आगीचं काय करता तुम्ही? बादल्या भरून ठेवता, सिलिंडर टांगता, बरोबर आहे. पण त्याच्या आधी कापसातले खडे, लोखंडाचे तुकडे काढता, बिडी-माचीस गेटवर काढून घेता, कारण रेच्यात (सरकी काढायच्या मशीनमध्ये) खडा गेला की ठिणगी आणि ठिणगी गेली की अख्खा ढीग. लेक्चर, योगा, समुपदेशन हे बादलीसारखं आहे, पाहिजेच, पण खडा तर आधी काढावा लागते. तुमच्या काट्यावर खडे कोणते आहेत ते पाहू.

त्या पोराच्या दिवसाचा हिशोब करा एकदा. सकाळपासून गाड्या येतात, प्रत्येक कास्तकाराचा राग त्याच्या खिडकीवर येऊन पडते, कारण पावती तोच फाडते. पण कट्टी किती लावायची हे त्यानं ठरवलेलं नसते. ग्रेडर (कापसाची प्रत पाहणारा) एक सांगते, शेठ फोनवर दुसरं सांगतात, भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा, पैसे कधी मिळतील ते अकाउंटवाल्याला माहीत. म्हणजे जबाब सगळ्याचा त्यानं द्यायचा न हातात त्याच्या एक किलोसुद्धा नाही. अमेरिकेत रॉबर्ट कारासेक म्हणून एक अभ्यासक होते, त्यांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं की नुसतं काम जास्त असलं म्हणून माणूस तेवढा खचत नाही, काम जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, हे दोन्ही एका जागी आले की खचते. माझ्या डोळ्यापुढं तर पहिले तुमचं काट्यावरचं पोरगंच आलं.

आणि मोठ्या बाबाची ती पावती. भाऊ, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच लागलं, कॉलर धरली त्याच्याहीपेक्षा. ते पोरगं स्वतः कास्तकाराचं आहे, घरी कपाशी आहे, वेचणीचा भाव त्याला माहीत आहे, दोन किलो म्हणजे काय हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त समजते. कॉलर धरणारा परका होता, त्याच्यावर चिडता तरी आलं असेल. मोठ्या बाबानं तर शिवीही दिली नाही, ओरडलेही नाही, घडी करून खिशात टाकली. आता ते पोरगं गावात त्यांच्या दारावरून कसं जात असेल, पोळ्याला, लग्नात, जेवायला बसताना? जे आपल्याला बरोबर वाटत नाही ते आपल्याच हातानं आपल्याच माणसाला करावं लागणं, ही जखम थकव्यानं होत नाही न सुट्टीनं भरत नाही. ती कट्टी खरंच ओलाव्याची होती की नुसतीच होती, हे तुम्हाला माहीत आहे. ओलाव्याची असेल तर ती मीटरवर सगळ्यांसमोर दिसली पाहिजे. नुसतीच असेल तर ती बंद करा भाऊ, दुसरा उपाय माझ्याजवळ नाही, कारण चुकीच्या कामाचा त्रास चांगल्या माणसाला होणारच आणि तो होऊ नये म्हणून त्याला शिकवायचं काय?

आता करायचं काय ते. उद्याच पोराशी बोला, पण कॅबिनमध्ये नाही, काचेतून सगळे पाहतात. काटा बंद झाल्यावर चहाच्या टपरीवर किंवा नुसतं गेटपासून रोडपर्यंत पायी चला सोबत. "तुला काय झालं" असं विचारू नका, त्याच्यात आरोप वाटते. विचारा की दिवसातला कोणता टाइम सगळ्यात खराब जाते, आणि काट्यावरची कोणती एक गोष्ट बदलली तर उद्या यावंसं वाटेल. न मग गप बसा. तो जे सांगेल ते घरी जाऊन लिहून ठेवा न कोणाला सांगू नका, शेठलाही नाही. दिवाळीपासून वागणं बदललं, न आता हात थरथरणं, कडी लावून बसणं, म्हणजे डॉक्टरला दाखवायची वेळ झालेली आहे, यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, त्या दिवसाची हजेरी भरून द्या त्याची. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस आहे, १४४१६, सरकारचं, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते.

एक गोष्ट विचारायला जीभ जड होईल पण विचाराच. मरायचे विचार येतात का रे, असंच सरळ. लोकांना वाटते विचारलं तर त्याच्या डोक्यात घालू आपण, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होते. हो म्हटलं तर त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका, त्याला विचारून घरच्या एका माणसाला सांगा, सांगू नका म्हटलं तरी सांगा, हे गुपित ठेवायचं नसते. आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला किंवा दुसऱ्याच्या घरी न्यायला लावा. आपल्या भागात हे औषध खाटेखाली पडलेलं असते, आणि वाईट घडी थोड्या वेळाचीच असते, त्या घडीत हाताशी काय आहे याच्यावर खूप काही असते.

मग काटा. कट्टीचा निर्णय त्याच्या हातून अन् तोंडून, दोन्हीकडून काढून घ्या. पेंटरकडून गेटवर मोठा बोर्ड लावा, आजचा भाव, किती ओलाव्याला किती कट्टी, पैसे किती दिवसात. सीसीआयच्या (सरकारच्या कापूस महामंडळाच्या) खरेदीत कसं असते, ८ टक्के ओलावा धरतात, १२ च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत, कास्तकाराला राग येते पण नियम त्याला घरून निघतानाच माहीत असते. तुमच्याकडं काट्यावर चढल्यावर समजते, तिथंच तर कॉलर धरल्या जाते. मीटरचं रीडिंग ग्रेडरनं गाडीजवळ कास्तकाराला दाखवायचं, ग्रेडरनंच चिठ्ठीवर सही करायची, आणि काट्यावरच्या पोरानं ती चिठ्ठी फक्त उतरवायची. भांडायचं असेल तर ग्रेडरशी न तुमच्याशी. शेठचा फोन काट्यावर जाणं बंद, शेठनं तुम्हाला सांगायचं, तुम्ही बोर्ड बदलायचा. एका माणसाला एकच वरचा. घरच्या, नात्यातल्या माणसाची गाडी आली की त्यानं उठून जायचं न दुसऱ्यानं बसायचं, हा नियमच करून टाका म्हणजे त्याला कोणाला सांगत बसावं लागणार नाही.

रांगेचंही पाहा, ही गोष्ट कोणी काट्याशी जोडत नाही. कास्तकार रात्री दोन वाजता गाडी भरून निघाला, रात्रभर थंडीत रोडवर, दुपारी तीन वाजता त्याचा नंबर, ना पाणी ना सावली ना संडास, न वरून किती वेळ लागेल हे सांगणारं कोणी नाही, तर तो काट्यापर्यंत येता येता अर्धा पेटलेलाच असते. टोकन द्या, एका तासात किती गाड्या होतात हे तुम्हाला माहीत आहे तर तसं टोकनवर टाइम लिहा, एक मंडप, दोन रांजण. माझं तर मत आहे की काट्यावरच्या शिव्या कमी करायला याच्यासारखं स्वस्त काही नाही. गर्दीच्या दिवसात काट्यावर दोघं ठेवा, तीन तासानं आलटून पालटून, एक खिडकीवर न एक आत रजिस्टरवर. आणि पुन्हा कोणी हात उचलला तर वॉचमनला पाठवू नका, तुम्ही स्वतः या, गाडी बाजूला लावा, पोराला तिथून उठवून पाणी द्या, मग बोलणं. सगळ्या स्टाफनं पाहिलं पाहिजे की मॅनेजर आला होता. मागच्या वेळी तुम्ही कुठं होता हे पत्रात नाही. त्याला मात्र ते लक्षात असेल.

त्याला काट्यावरून हलवायचं का? हो, सध्या हलवा, सरकीच्या हिशोबावर किंवा गठाणीच्या रजिस्टरवर घ्या, पगार तोच ठेवा, आणि स्टाफला सांगताना "काट्याची पद्धत बदलून राहिलो" असं सांगा, म्हणजे खरंही आहे न त्याच्यावर शिक्का बसत नाही. पण पद्धत न बदलता फक्त माणूस बदलला तर पुढच्या दिवाळीला तुम्ही मला दुसऱ्या पोराबद्दल हेच पत्र लिहाल.

शेठचं काय करायचं, तुमचा खरा घोर तो आहे हे मला समजते. त्यांच्यापुढं मन, ताण हे शब्द घेऊन जाऊ नका, रजिस्टर घेऊन जा. दिवाळीपासून किती पावत्या दुरुस्त केल्या, किती गाड्यांचं वजन परत करावं लागलं, भांडणापायी काटा किती तास बंद राहिला, दोन बाया गेल्या त्याच्यापायी रेचे किती वेळ रिकामे फिरले, नवा पोरगा काट्यावर तयार व्हायला किती दिवस लागतात. एका कागदावर लिहा. डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांचा अंदाज आहे की नैराश्य न चिंता यांच्यापायी दरवर्षी जगात १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, पण शेठला तुमच्या जिनिंगचे वाया गेलेले तास जास्त समजतील. न एकच गोष्ट मागा पहिले, शेठचे रात्रीचे फोन बंद. संध्याकाळी साडेसातला एकाच मेसेजमध्ये आवक, गठाणी, सरकी, पेमेंट सगळं टाकतो, त्याच्यानंतर आग किंवा अपघात असला तरच फोन, बाकी सकाळी आठनंतर. शेठ पहिले नाराज होतील, पण रोज साडेसातला बरोब्बर मेसेज गेला तर हप्त्याभरात त्यांना सवय होईल. मेसेज एकही दिवस चुकू देऊ नका मात्र.

मुकादमाचं प्रकरण तुम्ही एका ओळीत लिहिलं, तेवढं लहान नाही ते. दोन बाया मजुरी सोडून गेल्या म्हणजे घरात चूल असताना गेल्या, हे विसरू नका. घाण म्हणजे नेमकं काय बोलते? अंगावरून, बाईपणावरून बोलत असेल तर तो लैंगिक छळ होते, २०१३ चा कायदा आहे, जिथं १० किंवा जास्त लोक काम करतात तिथं अंतर्गत समिती ठेवावीच लागते, अध्यक्ष तिथलीच वरच्या पदावरची बाई, आणि एक बाहेरचा सदस्य. सीझनच्या मजुरीवर येणारी बाईही त्याच्यात येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते आणि तिला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायची जबाबदारी समितीची आहे. तुमच्याकडं समिती नसेल तर आधी ती करा, न त्या दोघींच्या घरी तुमच्या घरच्या बाईमाणसाला सोबत घेऊन जा, परत या म्हणायला नाही, काय झालं ते ऐकायला. नुसत्या आई-बापावरून शिव्या असतील तर ते त्या कायद्यात बसत नाही, पण धोका तोच आहे, मुकादमाला लेखी समज द्या आणि हजेरी मांडायचं काम त्याच्याकडून काढून घ्या, कारण बायका चूप राहतात त्या हजेरी कापल्या जाईल म्हणूनच.

बाया बोलणार नाहीत तुमच्यासमोर, हेही धरून चाला. मी गिरणीत एक करत होती, पाळी सुटायच्या वेळी पाणी प्यायच्या जागी दोन झाकणवाले डबे ठेवायची, एकावर हिरवा कागद, एकावर लाल, हप्ता बरा गेला तर हिरव्यात दाणा, खराब गेला तर लालमध्ये. लिहायचं नाही, नाव नाही, सुपरवायझर तिथं थांबायचा नाही. तुमच्याकडं सरकीला काय तोटा. शनिवारी मोजा, तारखेसह वहीत मांडा, ज्या हप्त्यात लाल डबा भरला त्या हप्त्यात काय वेगळं झालं ते पाहा. पण डबे ठेवून काहीच बदललं नाही तर तिसऱ्या हप्त्यापासून दोन्ही रिकामे राहतात, हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून पहिल्याच हप्त्यात एखादी लहान गोष्ट तरी करून दाखवा, पंखा म्हणा, संडासाची कडी म्हणा.

आणि तुम्ही, भाऊ. वरून शेठ, खालून साठ माणसं, मधात तुम्ही, तुमचं कामही त्या काट्यावरच्या पोरासारखंच लावलेलं आहे, फक्त खुर्ची मोठी आहे. झोप नाही असं तुम्ही पत्राच्या शेवटी अर्ध्या ओळीत लिहिलं. किती दिवसांपासून? महिना झाला असेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे, आणि घरी वहिनींना हे सगळं माहीत आहे का? नसेल तर आज जेवताना सांगा. सीझनमध्ये हप्त्यातला एक दिवस तुमचा फोन दुसऱ्या कोणाकडं राहील असं लावून घ्या, प्रेसिंगचा फोरमन जुना आहे म्हणता, त्याच्याकडं द्या.

सगळं एकदम होणार नाही. पोराशी बोलणं आणि त्याला काट्यावरून उठवणं हे उद्याच, बोर्ड अन् चिठ्ठी याच हप्त्यात, शेठकडं कागद घेऊन पुढच्या हप्त्यात. मुकादमाच्या हजेरीचं मात्र शेठसाठी थांबवू नका, ते तुमच्याच हातात आहे. पोरगं काय म्हणालं ते मला कळवा, त्याला चालत असेल तरच.